रानातला कांदा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी एखाद्या घरगुती विषयावर भाषण ठेवावयाचे, अशी आपली प्रथा आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'रानकांदा व त्याचे पदार्थ'. पावसाळ्याचे दिवस आहेत, गोल बाजारात रानभाज्यांच्या टोपल्या येऊ लागल्या आहेत, तेव्हा विषय वेळेला धरून आहे. परंतु आरंभीच एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे कोणाचा गैरसमज राहावयास नको. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात ज्याला रानकांदा म्हणतात, तो खावयाचा कांदा नव्हे. तो विषारी आहे. मग रानात कांद्याच्या पातीसारखी जी पाने खुडून बायका भाजी करतात ती कोणती? ती मुसळीची. आणि ज्याच्या नावात कांदा आहे व जो खातातही, तो कोणता? तो कडूकांदा, पण तो कांद्याच्या जातीचा नाही, आणि दोन दिवसांच्या खटाटोपाशिवाय तोंडातही घालता येत नाही. या तिघांची ओळख करून देणे, एवढेच आज माझे काम.

नावांचा हा घोळ का होतो? कारण 'कांदा' हा शब्दच मुळी 'कंद' या संस्कृत शब्दावरून आलेला आहे. आपण शहरातल्या बायका कांदा म्हटले की बाजारातला लाल किंवा पांढरा कांदा डोळ्यांपुढे आणतो. रानात राहणारी बाई मात्र जमिनीखाली जे जे फुगते त्या सर्वांनाच कांदा म्हणते. म्हणून तिच्या तोंडी कोळकांदा येतो, कडूकांदा येतो. तिला त्यात घोटाळा वाटत नाही, कारण नावाबरोबर झाडही तिच्या डोळ्यांपुढे असते. आपल्यापाशी नुसते नाव असते. झाड न पाहता नावावरून जेवण करावयाचे ठरवले, की धोका सुरू होतो.

आता खरा रानटी कांदा म्हणजे काय, ते थोडे पाहू. आपला स्वयंपाकातला कांदा मध्य आशियाच्या बाजूचा समजतात. हजारो वर्षे माणसाने तो शेतात वाढवला आहे, आणि त्याचा मूळ रानटी पूर्वज आज कुठे सापडत नाही. लसूण त्याच कुळातला. याच कुळातील खऱ्या रानटी जाती आपल्या देशात आहेत, पण त्या हिमालयात. उत्तराखंडातील उंच डोंगरावरच्या बायका जंबू किंवा फरण नावाची पात खुडून वाळवतात आणि आपण जिरे-मोहरी घालतो तशी डाळीच्या फोडणीत चिमूटभर टाकतात. ती खरी रानकांद्याची पात. थंड मुलखातली ती वनस्पती आपल्या वैनगंगेच्या काठी कशी येणार?

या कुळाची एक खूण मात्र आपल्या उपयोगाची आहे. कांदा, लसूण, जंबू, कोणतीही पात घ्या आणि बोटांत चुरडा, लगेच ओळखीचा उग्र वास येतो. पान अखंड असताना वास बेताचाच असतो. ते चुरडले म्हणजे आतील गंधकयुक्त द्रव्ये मोकळी होतात, त्यातूनच तो वास येतो व डोळ्यांना पाणी येते. तेव्हा दिसावयास कांद्यासारखे आहे पण चुरडल्यावर कांद्याचा वास नाही, असे काही हाती आले, तर तो कांदा नाही हे पक्के समजावे. मग ते खाण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर जाणत्या बाईकडूनच घ्यावयास हवे.

आता पहिल्याची ओळख. कोळकांदा, म्हणजेच रानकांदा. आयुर्वेदात याला वनपलांडु म्हणतात. पलांडु म्हणजे कांदा. उन्हाळ्यात, जमीन भाजून निघालेली असताना, पानाचा पत्ता नसलेला एक उंच दांडा एकदम वर येतो. त्यावर मळकट पांढरी, तपकिरी छटेची, खाली माना घातलेली लहान लहान फुले येतात. पाऊस पडल्यावर फुलांचा मागमूस राहत नाही आणि मग पाने फुटतात, लांब, चपटी, गुळगुळीत. आपल्या कांद्याची पात पोकळ नळीसारखी असते. याचे पान पट्टीसारखे असते. जमिनीखाली मात्र हुबेहूब कांदा! पापुद्य्रावर पापुद्रा, पांढरा, मुठीएवढा. कापला तर आपल्या कांद्याची आठवण व्हावी. फक्त वास नाही, आणि रस हाताला लागला की खाज सुटते.

या कांद्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. अगदी थोड्या, मोजक्या प्रमाणात वैद्यांनी व डॉक्टरांनी त्याचा औषध म्हणून उपयोग केला. खोकल्याच्या जुन्या औषधांत 'स्क्विल' नाव असे, ते याच्याच जातीचे. याच कुळातील भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका भावंडापासून युरोपात उंदीर मारण्याचे औषध करीत. माणसाला विष पोटात गेल्यावर ओकारी होते व काही विष बाहेर पडते. उंदराला ओकता येत नाही, म्हणून तो मरतो. एवढ्यावरून या कांद्याची जात लक्षात यावी. माणसाच्या पोटात तो जास्त गेला तर मळमळ, ओकाऱ्या, जुलाब होतात, नाडी मंदावते, ठोके चुकू लागतात, आणि जीवही जातो. शिजवल्याने तो निर्धोक होतो, असे मानून कोणी चालू नये.

मूलच्या बाजूला एका गोंड आजीला मी विचारले होते, "आजी, हा कांदा तुम्ही कशाला वापरता?" तिने एका वाक्यात निकाल दिला : "तो खायाचा नाही जी, त्याले हात लावला तर हात धुवाचा." तिच्या नातवंडांनाही हे पाठ होते. आणि आपण? आपल्या मोबाईलवर रोज कोणी ना कोणी 'जंगली कांद्याचे फायदे' पाठवीत असते. कोणी साखर उतरवावयास सांगतो, कोणी दमा घालवावयास, कोणी केसांना लावावयास. वनपलांडु हे नाव जुन्या ग्रंथात सापडले म्हणून त्याचा काढा घरी करून प्यावयाचा नसतो. मैत्रिणींनो, हे मी घाबरविण्यासाठी सांगत नाही. पण चुकून कोणाच्या पोटात असे काही गेलेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्या माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि त्या झाडाचे पान व कांदा बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना निदान करणे सोपे जाईल.

असो. विषाची गोष्ट झाली, आता अन्नाकडे वळू.

मुसळी हे नाव सर्वांनी ऐकलेले आहे, कारण तिच्या मुळ्यांचे चूर्ण शक्तिवर्धक म्हणून विकले जाते. पण आपल्या बायकांना ती भाजी म्हणून माहीत होती. कोकणात हिच्याच जातीला फोडशी किंवा कुलू म्हणतात आणि पहिल्या पावसानंतर ठाणे-पालघरच्या बाजारात तिच्या जुड्या येतात. हिच्या एका प्रसिद्ध जातीचे शास्त्रीय नाव मुंबईजवळच्या बोरिवलीवरून ठेवलेले आहे. म्हणजे परदेशातून आलेली ही पाहुणी नव्हे, आपल्याच मातीतली लेक आहे.

मृगाचा पाऊस झाला की जंगलाच्या कडेला, साग-बांबूच्या विरळ सावलीत, हिरव्या पानांचे झुबके वर येतात. पाने चपटी, लांबट, जमिनीलगत एकाच ठिकाणाहून फुटलेली. पुढे मधून दांडा येतो व त्यावर पांढरी, चांदणीसारखी फुले लागतात. खरी खूण जमिनीखाली. कोळकांद्याला खाली पापुद्य्रांचा कांदा असतो. मुसळीला कांदा नसतोच. तिला बोटांसारख्या मांसल मुळ्यांचा जुडगा असतो, आणि काही जातींत मुळीच्या टोकाशी लोंबती गाठ असते. नवी शिकणारी असेल तिने जाणत्या बाईच्या देखत एकच झाड उकरून ही खूण पाहून ठेवावी व झाड पुन्हा मातीत लावावे. खाली पापुद्रे दिसले की त्या झुबक्याला हात लावावयाचा नाही. आणि ज्या पानाचे टोक वेलीच्या ताण्यासारखे वळलेले असेल ते कळलावीचे. तिचे नांगराच्या आकाराचे मूळही घातकी विष आहे. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते या नांगरावरूनच.

आता कृती. भाजीला कोवळी पाने घ्यावीत, दांडा येण्यापूर्वीची. बुडखा काढून टाकावा, कारण तेथे माती अडकते व तो चरबट लागतो. पाने दोन-तीन पाण्यांतून धुवावीत आणि मग कांद्याच्या पातीसारखी बारीक चिरावीत. चिरून धुवू नयेत.

पहिला प्रकार डाळ घालून. दोन जुड्यांना अर्धी वाटी मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ पुरते. हरभऱ्याची असल्यास तीन-चार तास भिजवावी. कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, ठेचलेला लसूण व हिरव्या मिरच्या घालाव्या, एक कांदा चिरून परतावा, डाळ टाकावी व पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. डाळ बोटाने दबू लागली की चिरलेली पाने व मीठ घालावे. भाजी फार आळते, म्हणून मीठ आधी अंदाजाने टाकू नये, पाने बसल्यावर टाकावे. पाच-सात मिनिटांत भाजी होते. पूर्वी आपल्याकडे ही जवसाच्या तेलात करीत, आणि ती चव वेगळीच.

दुसरा प्रकार पीठ पेरून. फोडणीत पाने परतून मऊ झाली की वरून हरभऱ्याचे पीठ भुरभुरावे, मंद आचेवर झाकण ठेवून दोन वाफा आणाव्या. झाडीपट्टीत याला लाखोळीचे पीठही वापरीत. भाकरीबरोबर हा प्रकार फार चांगला लागतो.

तिसरा प्रकार मुटकुळ्यांचा. चिरलेली पाने, तांदळाचे व हरभऱ्याचे पीठ, तिखट, मीठ, ओवा व थोडे तीळ एकत्र मळून मुठीने वळावे आणि चाळणीवर वाफवावे. गार झाल्यावर कापून फोडणीस टाकावे. वर सांबार चिरून घालावा. आपल्या बाहेरगावच्या सुनांसाठी सांगते, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर!

रानातल्या घरी मात्र ही भाजी इतक्या साहित्याची नसते. तेथे पाने उकडून, मीठ-मिरची लावून, कण्यांच्या पेजेबरोबर खातात. तेल असले तर मोहाच्या बियांचे, चमचाभर. आणि त्यातच तिचे मोल आहे. आषाढ-श्रावणात घरातले मागील सालचे धान्य संपत आलेले असते, नवे पीक हाती यावयास दिवाळी उजाडावी लागते, रोवणीचे कष्टाचे दिवस असतात. अशा वेळी रानातली हिरवी पाने ताटात येतात. आपल्याला ती हौस आहे. तिला ती महिनाभराची भाजी आहे.

तिसरा कडूकांदा. हा वेल आहे, पाने हृदयाच्या आकाराची, आणि गंमत अशी की जमिनीखाली कंद असतोच, शिवाय वेलावर पानांच्या बेचक्यातही बटाट्यासारख्या गाठी लोंबतात. वैद्यकात याला वाराहीकंद म्हणतात. नावाप्रमाणे हा कडू, आणि कच्चा खाल्ला तर अपायकारक. यकृताला इजा करणारी द्रव्ये त्यात आहेत. पण रानातल्या बायकांनी त्याला माणसात आणले. कंद सोलून पातळ काप करावयाचे, राख घातलेल्या पाण्यात उकडावयाचे, मग टोपलीत भरून ती टोपली रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवावयाची. सकाळी काप चाखून पाहावयाचा, कडू लागला तर पुन्हा धुवावयाचा, पुन्हा उकडावयाचा. कडवटपणा गेल्यावर तो मीठ लावून खातात. शेजारच्या मध्य प्रदेशात बैचांदी नावाच्या विषारी कंदाचेही असेच धुऊन-उकडून काप करतात व ते उपासाला खातात. कोणत्या बाईने हे प्रथम शोधले, तिचे नाव कोठे लिहिलेले नाही. राखेचे क्षार, उष्णता आणि वाहते पाणी यांचा मेळ घालून विषाचे अन्न करणे ही प्रयोगशाळेतल्या कामाच्या तोडीची विद्या आहे. मात्र हा प्रयोग आपण पुस्तकावरून किंवा माझ्या भाषणावरून घरी करू नये. ज्यांच्या हाताला ती विद्या आहे त्यांच्याशेजारी बसूनच ती शिकावयाची असते.

भगिनींनो, आता मला जे मनापासून सांगावयाचे आहे त्याकडे येते. ही विद्या कागदावर नाही. ती आईबरोबर रानात जाणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत उतरते. आई म्हणते हे घे, हे सोड, आणि मुलगी शिकते. ही साखळी आज दोन ठिकाणी तुटते आहे.

एक म्हणजे भीती. आपल्या जिल्ह्यात वाघ वाढले, याचा अभिमान आहेच. पण रानात पोटासाठी जाणाऱ्या बायकाच त्याची किंमत देत आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशी बातमी आल्यावर कोणती आई आपल्या दहा वर्षांच्या लेकीला भाजी खुडावयास बरोबर नेईल? ती स्वतः पोटासाठी जाते, मुलीला घरी ठेवते. तिने मुलीला जपले, हे योग्यच. पण त्या मुलीला मुसळी आणि कोळकांदा यांतला फरक कोण दाखवील?

दुसरे म्हणजे हाव. मुसळीचे पान खुडले तर झाडाला पुन्हा पाने येतात. मूळ उपसले तर झाडच जाते. मुळ्यांना बाजारात भाव आला तेव्हापासून पावसाळ्यातच, बी धरण्यापूर्वी, जुडगे उपसले जाऊ लागले. सोलून वाळवल्यावर मुळ्यांचे वजन फार उतरते, म्हणून थोड्या पैशांसाठीही पुष्कळ झाडे उपटावी लागतात. जुनी रीत अशी की पाने पिवळी पडून बी गळेपर्यंत थांबावयाचे, मग जुडग्यातील काही मुळ्या काढावयाच्या आणि शेंड्यासह उरलेला भाग परत पुरावयाचा. आपल्या माडिया लोकांत पंडुमाची चाल आहे. पूजा झाल्याशिवाय नवे फळ, नवे धान्य तोंडात घालावयाचे नाही. त्यात श्रद्धा आहेच, पण फळ पक्व होऊ द्यावे, बी जमिनीत पडू द्यावे, ही शहाणीवही आहे.

या बाबतीत कायदाही आता रानातल्या बाईच्या बाजूने आहे, हे आपल्याला माहीत असावे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात बांबू, मध, तेंदूपाने यांबरोबर मुळे व कंद यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि परंपरेने ते गोळा करणाऱ्यांचा त्यांवर मालकीहक्क मानला आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला; देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. हक्क मिळाला म्हणजे राखण्याची जबाबदारीही आली. कोणते मूळ केव्हा काढावयाचे, किती ठेवावयाचे, हे ग्रामसभा ठरवू शकते, आणि त्या सभेत बायकांचा शब्द चालला तर तो अनुभवाचा शब्द असेल.

मग आपण शहरातल्या बायकांनी काय करावे? चार साध्या गोष्टी सुचवते.

पहिली, बाजारात भाजीवाली मावशी मुसळीची पाने घेऊन बसली असेल तर जरूर घ्यावी, घासाघीस करू नये. आणि ओळखीच्या, नेहमीच्या बाईकडूनच घ्यावी. तिची ओळख हीच आपली खात्री. दुसरी, रानातून आणलेल्या मुसळीच्या मुळ्या व चूर्ण आपण विकत घेऊ नये. ज्याला औषध म्हणून हवेच असेल त्याने वैद्याच्या सल्ल्याने, शेतात लावलेल्या मुळ्यांचे घ्यावे. तिसरी, ओळख पटल्याशिवाय सहलीला गेल्यावर हौसेने काही उपटून आणू नये, मुलांनाही आणू देऊ नये.

चौथी गोष्ट मंडळाने करावयाची. अलीकडच्या काही वर्षांत कृषी विभाग ऑगस्ट महिन्यात रानभाजी महोत्सव भरवतो. तेथे आपण जातो, खातो, परत येतो. आपल्या मंडळाने पुढच्या पावसाळ्यात एक पाऊल पुढे टाकावे. रानभाज्या जाणणाऱ्या चार-पाच वडीलधाऱ्या बायकांना येथे सन्मानाने बोलवावे. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा, आणि त्यांना शिक्षिका म्हणून पुढे बसवावे. त्यांनी खाण्याची व न खाण्याची, दोन्ही झाडे समोर ठेवून दाखवावीत. आपल्या शिकलेल्या मुलींनी त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावेत, चित्रे काढावीत, आणि ती वही प्रथम त्यांच्या गावच्या शाळेला द्यावी, मग आपल्या कपाटात ठेवावी. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायकांकडून झाडांची माहिती ऐकून 'गोईण' हे पुस्तक लिहिले. ऐकून घेतले तर केवढे धन हाती येते, याचा तो पुरावा आपल्याच शेजारी आहे.

चिटणीसबाईंनी मला पदार्थ सांगावयास बोलावले होते आणि मी पदार्थांपेक्षा इतरच पुष्कळ बोलले. पण पदार्थ टिकावयाचा तर झाड टिकले पाहिजे, आणि ते ओळखणारी बाईही. भाषणानंतर मागच्या खोलीत मुसळीची मुटकुळी ठेवलेली आहेत. पाने नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडून घेतलेली आहेत, तेव्हा निःशंकपणे खावीत. मावशी स्वतः येथे आल्या आहेत; कृती आवडली तर आभार त्यांचे मानावेत.